सप्टेंबरमधली व्हाइटटेल हरणाची शिकार: कॉल आणि डिकॉय कधी, किती, कसे

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात, टेकड्यांच्या पायथ्याशी सोयाबीन आणि लसूणघासाच्या शेताकडेला मचाण आहे. सप्टेंबरच्या मध्याला धनुष्याचा हंगाम उघडतो. हाताशी ग्रंट ट्यूब (नराचा घोगरा हुंकार, म्हणजे ग्रंट, काढणारी नळी), उलटी केली की मादीसारखी ओरडणारी डबी, रॅटलिंगची पिशवी (शिंगांवर शिंगं खडखडल्याचा आवाज काढणारी) आणि शिंगंवालं प्लॅस्टिकचं डिकॉय, म्हणजे खोटं हरीण, आहे. हरणांचा माज नोव्हेंबरात येतो. मग पहिल्या तीन-चार आठवड्यांत यातलं काय वापरायचं आणि कसं?

थोडक्यात सांगायचं तर डबी घरी ठेवा. पिशवी सप्टेंबरच्या शेवटापर्यंत बाहेर काढू नका. ग्रंट ट्यूब गळ्यात असू द्या, पण हरीण डोळ्यांनी दिसल्याशिवाय तोंडाला लावू नका. डिकॉयचा उपयोग होतो, मात्र उघड्या शेतात, संध्याकाळी आणि त्याचा रुबाब कमी करून. आता कारणं आणि तपशील.

(भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे. फोटोसाठी जंगलात खोटे आवाज काढून जनावर बोलावणंही तिथे करू नये. पुढचं सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरतं आहे.)

कॉल फसला की लोक आपल्या फुंकण्याला दोष देतात. दोष बहुतेक वेळा महिन्याचा असतो. दिवस लहान व्हायला लागले की नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढू लागतं. त्याच चढावर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्य या काळात शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरचं लवदार कातडं, सुकते आणि नर ती झुडपांवर घासून काढतो. पण चढ शिगेला पोचतो नोव्हेंबरात. सप्टेंबरातला नर अजून इतर नरांच्या टोळक्यात फिरत असतो आणि त्या टोळक्यात कोण वरचढ हे उन्हाळाभरात ठरून गेलेलं असतं. भांडायचं कारण उरलेलं नाही, मादीमागे धावायची इच्छा अजून जागी झालेली नाही. दिवसभर सावलीत रवंथ करायचं, ऊन उतरलं की शेताकडे निघायचं, रात्रभर खायचं आणि फटफटायच्या आत परत झाडीत शिरायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम.

म्हणून राग किंवा कामेच्छा चेतवणारा कुठलाही आवाज या दिवसांत वाया जातो. चेतवता येतं ते फक्त कुतूहल, आणि थोडीफार सोबतीची ओढ. कुतूहलाने आलेलं हरीण माजावरच्या नरासारखं डोकं खाली घालून धावत येत नाही. ते दहा पावलं येतं, थांबतं, कान फिरवतं, वास घेतं, पुन्हा पाच पावलं येतं. त्या थांबण्यातच तुम्ही सापडता. नोव्हेंबरच्या व्हिडिओत बघितलेलं सप्टेंबरात करून बघू नये ते यासाठी.

इथे एक अपवाद सांगायला हवा. ‘सुरुवातीचा हंगाम’ हे शब्द कॅलेंडरपेक्षा त्या भागातल्या माजाला धरून वाचायचे. दक्षिण फ्लोरिडात हरणांचा माज जुलै-ऑगस्टमध्येच असतो आणि टेक्सासच्या आखाती किनाऱ्याच्या काही भागात तो सप्टेंबरच्या अखेरीस येतो. तिथे हंगाम उघडतानाच ग्रंट आणि रॅटलिंग कामाला येऊ शकतं. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन, आयोवा या पट्ट्यात मात्र हा हिशेब नोव्हेंबरचाच.

ग्रंट ट्यूब

ट्यूबचे भाग तीनच: तोंडाकडचा तुकडा, आत खाचेच्या पट्टीवर बसवलेली पातळ प्लॅस्टिकची रीड, आणि आवाजाला घुमारा देणारी नळी. बहुतेक ट्यूबमध्ये रीडवर रबराची बारीक रिंग असते. ती टोकाकडे सरकवली की रीडचा थरथरणारा भाग आखूड होतो आणि आवाज पातळ येतो. मुळाकडे नेली की जाड. नवीन घेणारे ती हटकून जाडावर लावतात, कारण दुकानात ऐकायला तो आवाज भारदस्त वाटतो. सप्टेंबरात उलटं करा. आवाज दीड-दोन वर्षांच्या नरासारखा, मधल्या पट्टीतला ठेवा. थोराड नराचा जाड आवाज ऐकून लहान नर वाट बदलतात, आणि मोठ्या नरालाही या दिवसांत त्यात रस नसतो.

काढायचा तो सोबतीचा ग्रंट: एकच, आखूड, जेमतेम अर्धा सेकंद, पुटपुटल्यासारखा. गाल फुगवून फुंकू नका. पोटातून हवेचा छोटासा झटका द्या, जणू ओठ मिटून ‘हं’ म्हणताय. लांबवलेला ग्रंट किंवा मादीमागे धावणाऱ्या नराची ‘अर्र्-अर्र्-अर्र्’ अशी लागोपाठ माळ हे नोव्हेंबरचे आवाज आहेत.

उकाड्यात ट्यूब हमखास दगा देते. श्वासातला ओलावा आणि थुंकी रीडखाली साचली की रीड पट्टीला चिकटते आणि पुढच्या फुंकरीला ग्रंटऐवजी बदकासारखी किंचाळी निघते. यावर उपाय सोपा आहे: ट्यूब उघडून रीडखालून डॉलरची नोट एकदा सरकवून घ्या, ओल निघते आणि खिशातला धागा अडकला असेल तर तोही निघतो. मचाणावर चढण्याआधी, गाडीपाशीच, एकदा हळूच वाजवून खात्री करा. ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. रीड उष्णतेने वाकते आणि मग रिंग कितीही सरकवली तरी जुना सूर येत नाही.

आता कधी. या दिवसांत आंधळा कॉल, म्हणजे समोर काहीच नसताना दर अर्ध्या तासाने वाजवणं, फायद्यापेक्षा तोट्याचा. झाडांवर सगळी पानं असतात, जंगलात चाळीस-पन्नास यार्डांपलीकडे दिसत नाही. हरीण तुमच्या नकळत वाऱ्याखालून, म्हणजे जिकडे तुमचा वास वाहत जातो त्या बाजूने, येऊन उभं राहतं आणि वास लागला की आल्या पावली जातं. तुम्हाला वाटतं, आज काहीच आलं नाही. तिकडे त्याने मात्र हे झाड कायमचं लक्षात ठेवलेलं असतं.

म्हणून नियम करा: दिसलेल्या हरणालाच कॉल, आणि तेही जाताना. नर साठ ते शंभर यार्डांवरून आडवा चाललाय, आपल्या टप्प्यात येणार नाही हे उघड आहे, तेव्हाच. तो आपल्या बाजूला येत असेल तर तोंड बंद. येणाऱ्याला हाक मारायची गरज नसते. तो चालत असताना किंवा मान खाली घालून खात असताना एकदा वाजवा आणि फक्त कान बघा. कान गर्रकन मागे वळला तर ऐकू गेलं. नाहीच वळला तर वाऱ्याने किंवा पानांनी आवाज खाल्ला. थोडा मोठा करून आणखी एकदा. मान उचलून त्याने तुमच्या दिशेला बघितलं की काहीही करू नका. त्याची नजर तुमच्यावर असताना कॉल केला तर त्याला झाडाचा बुंधा नेमका सापडतो. हरणाचे कान स्वतंत्र फिरतात आणि आवाजाची जागा ते फार बिनचूक टिपतात.

नंतर तीनपैकी काहीतरी होतं. शेपूट एकदा सहज हलवून तो पुन्हा चालायला लागला तर त्याने तुम्हाला मोडीत काढलं. पाठ पूर्ण वळल्यावर शेवटचा एक ग्रंट करून बघायला हरकत नाही, त्यानंतर नाही. वळून चालत यायला लागला तर ट्यूब सोडा, धनुष्य धरा. पुढचा खूर आपटायला लागला, मान वर-खाली करायला लागला, तर त्याला संशय आलाय. अशा वेळी पुतळा होऊन बसा. ‘समजूत’ काढायला आणखी ग्रंट करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

एक बारकावा क्वचितच सांगितला जातो. वीस फुटांवर बसून समोर तोंड करून वाजवलं तर ग्रंट आकाशातून येतो. नळीचं तोंड खाली आणि मागे वळवा, बुंध्याच्या पलीकडे, आणि टोकाभोवती ओंजळ करा. आवाज दबतो आणि हरणाला वाटतं की बोलणारा तुमच्या मागे पंधरा-वीस यार्डांवर आहे. मग ते तुमच्याकडे न बघता तुमच्या पलीकडे बघत येतं.

बाकीचे आवाज

डबी: मादी माजावर आल्याची ती लांब ‘मेंऽऽ’ सप्टेंबरात खोटी आहे, कारण या भागात त्या वेळी माजावर आलेली मादी नसतेच. हरणं त्यामुळे पळून जातील असं नाही, पण येणारही नाहीत. शिवाय ही डबी पिशवीत उलटी झाली की आपोआप ओरडते, आणि ती नेमकी मचाणावर चढतानाच ओरडते. नेणारच असाल तर ती उलटी होणार नाही अशी ठेवा.

मादी आणि पाडसाचा साधा सोबतीचा ब्लीट, म्हणजे बेंबें अशी हाक, वेगळा. तो एखाद सेकंदाचा, नाकातून आल्यासारखा असतो. मादीचा परवाना असेल तर तो उपयोगी आहे, पुढे जाणारी मादी थांबवायला विशेषतः. पाडसाच्या आकांताचा कॉल मात्र विचार करून वापरा. मे-जूनमध्ये जन्मलेली पाडसं सप्टेंबरात तीन-चार महिन्यांची असतात आणि माद्या या आवाजाला अजूनही धावून येतात, स्वतःचं पाडस शेजारी असलं तरी. पण येते ती मादी भेदरलेली, फुत्कार टाकत, सगळ्या रानाला जागं करत, आणि मागोमाग कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी, तोही येऊ शकतो. नराची वाट बघत बसला असाल तर तुमची संध्याकाळ तिथेच संपली. पाडसाच्या अंगावर ठिपके अजून स्पष्ट दिसत असतील तर ते उशिराचं आहे. त्याच्या आईला सोडून द्यावं, कायदा परवानगी देत असला तरी.

रॅटलिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की हंगामात कधीही शिंगं खडखडवली तरी चालतं. मखमल असताना शिंगं आतून जिवंत आणि नाजूक असतात. त्या काळात नर शिंगाला शिंग लावतच नाहीत. मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी मारतात. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जिथे हंगाम उघडतो, उदाहरणार्थ केंटकी किंवा नेब्रास्का, तिथे मखमलीतले नर समोर असताना शिंगं खडखडवणं म्हणजे निसर्गात त्या दिवशी नसलेला आवाज काढणं. मखमल उतरल्यावर तरुण नर एकमेकांची ताकद अजमावतात, ती झुंज नसून शिंगात शिंग घालून केलेली ढकलाढकल असते. नक्कल करायची तर त्याचीच: टोकं टोकांना हलकेच दहा सेकंद लावा, थोडं थांबा, पुन्हा दहा सेकंद, संपलं. पिशवी तळहातांत हळू चोळली तरी पुरते. येतील ते दीड-अडीच वर्षांचे. मोठा नर झाडीतूनच ऐकून घेतो.

दक्षिण टेक्सासातल्या वेल्डर वन्यजीव आश्रयक्षेत्रात 1990 च्या दशकात रॅटलिंगचा पद्धतशीर अभ्यास झाला. त्यात मोठ्या आवाजाला हळू आवाजापेक्षा जास्त नर आले. हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो आणि मग लोक सप्टेंबरात शिंगं आपटत बसतात. तो अभ्यास माजाच्या आगेमागच्या आठवड्यांचा होता, टोळक्याने फिरणाऱ्या नरांचा नव्हता. त्यातली दुसरी गोष्ट मात्र कुठल्याही महिन्यात लागू पडते: आलेले बरेचसे नर वाऱ्याखालच्या बाजूने आले.

स्नॉर्ट-व्हीझ, म्हणजे वरचढ नराचा धमकीचा फुस्कारा, ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत विसरून जा.

वारा

बोलावलेलं हरीण वाऱ्याखाली वळसा घालणार हे धरूनच जागा निवडायची. कॉल किंवा डिकॉय वापरणार असाल तर मचाणाच्या वाऱ्याखाली असं काहीतरी हवं जिथून हरीण चालू शकत नाही किंवा चालायला नाखूष असतं: ओढ्याची उभी दरड, तळं, पडलेल्या झाडांचा ढिगारा. असा अडसर नसेल तर त्या दिवशी काही वाजवू नका.

नैऋत्य विस्कॉन्सिनच्या टेकड्या-घळींत आणखी एक भानगड आहे. दिवसा तापलेली हवा चढणीने वर जाते आणि सूर्य टेकला की थंड हवा उतारावरून खाली वाहू लागते. पाच वाजता तुमचा वास टेकडीच्या माथ्याकडे जात असतो आणि साडेसहाला तोच घळीतून शेतात उतरतो, नेमका हरणं निघायच्या वेळी. हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा तीच दिसत राहते. रुईच्या किंवा मिल्कवीडच्या म्हाताऱ्या खिशात ठेवा, दर पंधरा मिनिटांनी एक सोडा आणि ती चाळीस यार्डांपर्यंत कुठे जाते ते बघा. पावडरच्या बाटलीपेक्षा हे बरं, कारण पावडर दहा फुटांत विरते.

डिकॉय

कॉलला कान देणारं हरीण बोलणाऱ्याला शोधतं आणि तिथे काहीच नसलं की बिथरतं. डिकॉयचं खरं काम हरीण ओढून आणणं नव्हे. त्याची नजर तुमच्यावरून काढून दुसरीकडे खिळवणं, हे ते काम. धनुष्य खेचायचा क्षण त्यातून मिळतो.

मादीचं डिकॉय या महिन्यात टाळा. शेतात संध्याकाळी आधी येतात त्या माद्या आणि पाडसं, आणि अनोळखी मादी त्यांना खपत नाही. एखादी म्हातारी मादी पंधरा मिनिटं समोर उभी राहून खूर आपटते, फुत्कारते आणि सगळं शेत रिकामं करून जाते. लहान नराचं डिकॉय त्यांना त्या मानाने चालतं. टोळक्यातला एखादा पोरगा आधीच येऊन चरतोय असं वाटतं.

तुमच्याकडचं डिकॉय शिंगंवालं आहे तर एक शिंग काढून टाका. बहुतेक पूर्णाकृती डिकॉयची शिंगं निघतात. कान फिरवता येत असतील तर ते ताठ पुढे ठेवू नका. थोडे बाजूला, सैल. ताठ कान म्हणजे ‘मला काहीतरी दिसलंय’ आणि बाकीची हरणं ते वाचतात. मान खाली घालून चरणारं किंवा बसलेलं डिकॉय मिळत असेल तर या महिन्यासाठी उभ्यापेक्षा तेच उत्तम. तुमच्या भागात नर अजून मखमलीत असतील तर चकचकीत कडक शिंगं विसंगत दिसतात. तेव्हा दोन्ही शिंगं काढली तर ते मादीसारखं दिसेल, म्हणून सरळ आठवडाभर थांबा.

जागा. सोयाबीन कमरेइतकं उंच असेल तर डिकॉयची फक्त पाठ दिसते. कापलेला लसूणघास, क्लोव्हर या चारापिकाचा पट्टा किंवा गवताची कडा निवडा, जिथे ते निदान ऐंशी-शंभर यार्डांवरून पूर्ण दिसेल. अचानक वळणावर समोर आलेलं डिकॉय हरणाला दचकवतं. दुरून बघायला वेळ मिळाला तर ते सावकाश सरावतं. आणि सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की हरणं ते शेत सोडून पांढऱ्या ओकच्या फळांखाली जातात. ते होऊन गेल्यावर त्या शेतात डिकॉय लावणं म्हणजे रिकाम्या वाड्यात दिवा लावणं.

अंतर आणि दिशा सगळ्यात जास्त चुकते. वारा डिकॉयकडून तुमच्याकडे यायला हवा, आणि डिकॉय तुमच्यापासून पंधरा ते अठरा यार्डांवर. तीस यार्डांवर लावू नका. नर डिकॉयभोवती वळसा घालतो. डिकॉय तीसवर असेल आणि तो पलीकडून फिरला तर पंचेचाळीसवर जातो. पंधरावर असेल तर त्याचा वळसा बहुतेक तुमच्या आणि डिकॉयच्या मधून किंवा अगदी कडेने येतो. नर दुसऱ्या नराला तोंडाकडून भिडतो, म्हणून डिकॉयचं तोंड तुमच्याकडे तिरकं असू द्या. तो तोंडाशी येऊन उभा राहतो तेव्हा त्याची कूस किंवा पाठीकडची तिरकी बाजू तुमच्याकडे असते आणि डोळे डिकॉयवर. डिकॉयचं तोंड शेताकडे केलंत तर नर डिकॉयच्या पलीकडे उभा राहून तुमच्याच दिशेला बघेल. ही एकच चूक अनेक संध्याकाळी वाया घालवते.

वास आणि चकाकी. गॅरेजमध्ये पेट्रोल आणि रंगाच्या डब्यांशेजारी ठेवलेलं डिकॉय तीन-चार दिवस आधी बाहेर, पावसा-उन्हात ठेवा. हात लावताना रबरी हातमोजे घाला. धुवायचं तर बिनवासाच्या आणि कपडे ‘उजळवणारी’ रसायनं नसलेल्या साबणाने. हरणाला लाल-केशरी नीट वेगळा कळत नाही, पण निळा आणि अतिनील प्रकाश त्याला आपल्यापेक्षा खूप चांगला दिसतो. ती रसायनं त्याच प्रकाशात चमकतात. माजावरच्या मादीचं मूत्र वगैरे आत्ता शिंपडू नका, महिन्याशी जुळत नाही. शिवाय व्हर्जिनिया आणि व्हर्मांटसारख्या काही राज्यांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांना झिजवून मारणाऱ्या रोगामुळे खऱ्या हरणाच्या मूत्राच्या वापरावरच बंदी आहे.

हालचाल थोडीशी हवी. शेपटीच्या जागी पांढऱ्या रुमालाची बोटभर रुंद पट्टी स्टेपल करा, झुळकीने हलेल एवढीच. अख्खा रुमाल फडफडला तर तो उभारलेल्या शेपटीसारखा, म्हणजे धोक्याच्या झेंड्यासारखा दिसतो. डिकॉय जमिनीला खुंट्यांनी नीट ठोका. वाऱ्याने डुगडुगणारं हरीण कुणाला पटत नाही.

छापील चित्राचं, घडीचं कापडी डिकॉय वजनाला हलकं आणि दूरच्या जागी न्यायला सोयीचं. पण हरणाने वळसा घातला की कडेने ते दोरीएवढं होतं आणि डोळ्यासमोरचा सोबती गायब झाला की हरीण थांबत नाही. वापरायचंच तर ते अशा कडेला लावा जिथून एकाच बाजूने बघता येईल.

प्लॅस्टिकचं पूर्णाकृती डिकॉय शांतपणे नेणं ही वेगळी कला आहे. पाय आणि शिंगं पोकळ धडात भरतात, ती चालताना डबडब वाजतात. मध्ये जुने टी-शर्ट कोंबा. पाय खोबणीत बसवताना प्लॅस्टिक करकरतं, खोबणीला मेणबत्तीचं मेण चोळलं की थांबतं. जोडणी शेताकडेला न करता दोनशे यार्ड अलीकडे करा. पहाटे डिकॉय लावायच्या भानगडीत पडू नका: सप्टेंबरात हरणं त्या वेळी शेतातच असतात आणि अंधारात तुम्ही थेट त्यांच्या ताटात जाता. दवाने प्लॅस्टिक ओलं होऊन चकाकतं ते वेगळंच.

बाण सोडण्याआधी

कॉलने किंवा डिकॉयने थांबलेलं हरीण सावध असतं, आणि सावध हरीण दोरीचा आवाज ऐकून खाली दबतं. हिशेब करा. बाण सेकंदाला 280 फूट जातो, आवाज साधारण 1,100 फूट. वीस यार्डांवर बाणाला सुमारे 0.21 सेकंद लागतात, आवाज 0.05 सेकंदात पोचतो; हरणाला 0.16 सेकंद मिळतात. तीस यार्डांवर हाच वेळ 0.24 होतो, आणि तेवढ्यात ते छातीच्या अर्ध्याने खाली जाऊ शकतं. बाण पाठीच्या वरच्या मांसात लागतो आणि जखमी जनावर निघून जातं. म्हणून निवांत चरणाऱ्या हरणासाठी तुमचा टप्पा तीस यार्डांचा असला तरी बोलावलेल्या हरणासाठी वीसच धरा. धनुष्य खेचायचं ते त्याची नजर डिकॉयवर असताना किंवा डोकं डिकॉयआड गेल्यावर. समोरून छातीवर बाण नको. कान मागे पाडून, पाय ताठ करून तिरका चालत येणारा नर डिकॉयला धडकण्याआधी क्षणभर थबकतो, बाण तिथे.

नियम आणि सुरक्षितता

कॉल, डिकॉय, इलेक्ट्रॉनिक आवाज यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि दरवर्षी बदलू शकतात. इलेक्ट्रॉनिक कॉल हरणासाठी अनेक राज्यांत बेकायदा आहे. फोनवरून ग्रंट वाजवणंही त्यात येऊ शकतं. त्या वर्षाची नियमपुस्तिका राज्याच्या वन्यजीव विभागाच्या साइटवर मिळते, ती वाचा. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. भारतातून येऊन इथे पहिल्यांदा परवाना काढणाऱ्यांचं बरेचदा इथेच अडतं, म्हणून कोर्स उन्हाळ्यातच उरका.

डिकॉयचा खरा धोका माणसांकडून आहे. नुसत्या धनुष्याच्या हंगामात तो कमी असतो, पण विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलांना बंदुकीने शिकार करायला राखलेला शनिवार-रविवार येतो. त्या दोन दिवशी धनुष्यवाल्यांनाही भडक केशरी किंवा गुलाबी घालावं लागतं आणि डिकॉय अजिबात लावू नये, खासगी जमिनीवरसुद्धा. एरवीही नेताना-आणताना डिकॉय केशरी कापडाच्या पोत्यात पूर्ण झाका, डोकं बाहेर ठेवू नका.

अंधार पडल्यावर शेतात हरणं चरत असताना मचाणावरून उतरून डिकॉय उचललंत तर माणूस, मचाण आणि ते प्लॅस्टिकचं हरीण यांचा संबंध त्यांना लागतो आणि ती जागा त्या हंगामापुरती गेली. शेतमालकाला किंवा सोबत्याला ठरलेल्या वेळी ट्रॅक्टर नाहीतर पिकअप शेतात आणायला सांगा. गाडीला हरणं सरावलेली असतात, ती आपोआप झाडीत जातात. मग उतरा आणि डिकॉय उचलून गाडीतच टाका. कोणी येणार नसेल, तर हरणं स्वतःहून पलीकडच्या टोकाला सरकेपर्यंत वरच बसा, तास लागला तरी.